लेखिकांचे कल्पित आणि आपली पारितोषिके

स्त्रियांनी लिहिलेल्या कथाकादंबऱ्यांसाठी निराळे पारितोषिक असावे काय, हा प्रश्न परप्रांतातील मराठी मंडळींच्या बैठकीत निघाला की त्याचा निकाल बहुधा पाच मिनिटांत लागतो. वाङ्मयाला लिंग नसते, लेखक तो लेखक, असे एकजण म्हणतो. आगगाडीत बायकांचा डबा निराळा असतो, तशातला हा प्रकार, असे दुसरा म्हणतो. सगळे हसतात आणि विषय महागाई भत्त्याकडे वळतो. या निकालास संमती देण्यापूर्वी एक यादी नीट वाचून पाहावी, एवढीच आमची विनंती आहे. ज्यांचे आयुष्य सरकारी कचेऱ्यांत गेले त्यांस याद्यांची महती सांगावयास नको. खात्याची रीत नियमांच्या पुस्तकावरून जितकी कळते, त्याहून अधिक ती बढतीच्या यादीवरून कळते.

यादी साहित्य अकादमीची आहे. १९५५ पासून २०२४ पर्यंत मराठी ग्रंथांना अकादमीची जी पारितोषिके मिळाली, त्यांत लेखिका सात आहेत. इरावती कर्वे (१९६८), दुर्गा भागवत (१९७१), गोदावरी परुळेकर (१९७२), इंदिरा संत (१९८४), विजया राजाध्यक्ष (१९९३), आशा बगे (२००६) आणि अनुराधा पाटील (२०१९). सात ही संख्या थोडी आहे, हे उघडच आहे. पण आमचे लक्ष संख्येपेक्षा ग्रंथांच्या जातीकडे गेले. ‘युगान्त’ ही महाभारतातील व्यक्तींची चिकित्सा. ‘पैस’ हे ललित निबंध. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ही वारल्यांच्या लढ्याची हकीकत. ‘गर्भरेशीम’ आणि ‘कदाचित अजूनही’ हे काव्यसंग्रह. ‘मर्ढेकरांची कविता’ ही समीक्षा. राहता राहिली आशाताई बगे यांची ‘भूमी’. मराठी स्त्रीने रचलेली एक कादंबरी, आणि कथासंग्रह एकही नाही, असा हा जवळजवळ सत्तर वर्षांचा हिशेब आहे. ज्या भाषेत बायकांच्या कथांवाचून दिवाळी अंक निघत नाही, त्या भाषेतला हा हिशेब आहे.

यांपैकी एकाही ग्रंथाची योग्यता आम्ही कमी लेखीत नाही. ‘युगान्त’ आणि ‘पैस’ यांच्यासारखी पुस्तके कोणत्याही भाषेला भूषणच आहेत. तथापि विजयाबाई राजाध्यक्षांचे उदाहरण क्षणभर विचारात घ्यावे. विजयाबाई या प्रथम कथालेखिका. त्यांच्या कथासंग्रहांची रांग मोठी आहे. त्यांना मान मिळाला तो मर्ढेकरांवरील समीक्षेसाठी. एका थोर कवीविषयी त्यांनी जे शोधून काढले ते अकादमीला दिसले. त्यांनी स्वतः जे निर्मिले ते पारितोषिकापर्यंत पोचले नाही.

येथे कोणी म्हणेल, असे पुरुषांच्याही बाबतीत झाले आहे. झाले आहे, आणि ते सांगितलेच पाहिजे. ‘रणांगण’कार विश्राम बेडेकरांना १९८५ साली पारितोषिक मिळाले ते ‘एक झाड आणि दोन पक्षी’ या आत्मचरित्राला. नवकथेचे अध्वर्यू गंगाधर गाडगीळ यांना १९९६ साली, तेही आत्मचरित्रालाच. भालचंद्र नेमाडे यांना १९९१ साली ‘टीकास्वयंवर’ला, ‘कोसला’ला नव्हे. तेव्हा भलत्याच पुस्तकावर शिक्का मारण्याची खोड अकादमीला सर्वसाधारणच आहे. परंतु पुरुषांच्या या चुकलेल्या शिक्क्यांशेजारी ‘ययाती’ आहे, ‘रथचक्र’ आहे, ‘स्वामी’ आहे. ‘काजळमाया’, ‘सत्तांतर’, ‘झाडाझडती’, ‘ताम्रपट’, ‘बारोमास’ आहे. आणि अलीकडे तर २०२० ते २०२३ अशी सलग चार वर्षे पुरुषांच्या कादंबऱ्यांना व कथांना हा मान मिळाला आहे. पुरुषाच्या बाबतीत जो अपवाद, तो स्त्रीच्या बाबतीत नियम झाला, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हा नियम कसा पडला असावा? आमच्या मते आपला वाचक, आणि त्याच्या मागोमाग आपला परीक्षक, स्त्रीला साक्षीदार म्हणून मानतो. रचनाकार म्हणून मानावयास कचरतो. तिने पाहिलेले, सोसलेले, जपलेले सांगितले की तो मान तुकवितो. ‘स्मृतिचित्रे’पासून ‘आहे मनोहर तरी’पर्यंत स्त्रियांच्या आत्मकथनांना मराठीत जे प्रेम मिळाले ते अपूर्व आहे आणि यथार्थही आहे. पण तिने खोटे सांगितले, म्हणजे नसलेली माणसे निर्माण केली, त्यांना नसलेल्या संकटांत लोटले आणि त्या असत्यातून एक सत्य उभे केले, की तो अस्वस्थ होतो आणि विचारू लागतो, हे कोणाचे? हिचेच ना?

या प्रश्नाचा मराठीतला सर्वांत मोठा बळी म्हणजे विभावरी शिरूरकर. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली प्रसिद्ध झाले आणि महाराष्ट्रात एक वादळ उठले. त्या वादळात कथांच्या बांधणीविषयी किती बोलले गेले आणि ही बाई कोण याविषयी किती, याचे प्रमाण कोणीही जुने अंक चाळून पाहावे. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलीच्या मनाची घुसमट मराठी कथेत प्रथमच आकार घेत होती. तिच्यासाठी लेखिकेने घेतलेले संयमित, तुटक, निःश्वासासारखेच निवेदन ही एक वाङ्मयीन घटना होती. परंतु वाचकांनी ते पुस्तक प्रतिज्ञापत्रासारखे वाचले आणि खाली सही कोणाची ते शोधीत बसले. पुढे बाळूताई खरे, म्हणजेच मालतीबाई बेडेकर, हे नाव उघड झाले तेव्हा शोध संपला. आणि बहुतेकांचे वाचनही तेथेच संपले. ‘बळी’सारखी कादंबरी लिहिणाऱ्या या लेखिकेचे नाव अकादमीच्या यादीत नाही. त्यांच्या यजमानांचे आहे, हे वर आलेच आहे.

महाराष्ट्र शासनाने आपल्या वाङ्मय पुरस्कारांना जी नावे दिली आहेत, तीही या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. आत्मचरित्राच्या पुरस्काराला लक्ष्मीबाई टिळकांचे नाव. पहिल्या काव्यसंग्रहाच्या पुरस्काराला बहिणाबाई चौधरींचे. पहिल्या ललितगद्याच्या पुरस्काराला ताराबाई शिंदे यांचे. कादंबरीचा पुरस्कार मात्र हरि नारायण आपटे यांच्या नावाचा, लघुकथेचा दिवाकर कृष्णांच्या, पहिल्या कादंबरीचा श्री. ना. पेंडसे यांच्या, पहिल्या कथासंग्रहाचा ग. ल. ठोकळ यांच्या. ही कोणाची दुष्ट योजना असेल असे आम्ही मुळीच म्हणत नाही. नावे सुचविणाऱ्यांच्या मनात जी विभागणी सहजगत्या झाली, ती सहजगत्या झाली म्हणूनच बोलकी आहे. हरिभाऊंचे नाव कादंबरीला असावे याविषयी दुमत नाही. पण ज्या काशीबाई कानिटकरांशी हरिभाऊंचा वाङ्मयीन स्नेह सर्वश्रुत आहे, त्या काशीबाईंची ‘रंगराव’ ही कादंबरी १९०३ साली ग्रंथरूपाने आली, हे आज कितीजणांस ठाऊक आहे? काशीबाई आज वाचल्या जातात त्या सरोजिनी वैद्य यांनी परिश्रमपूर्वक सिद्ध केलेल्या आत्मचरित्राच्या आवृत्तीमुळे. साक्ष टिकली, कल्पित विसरले गेले. हाच न्याय येथेही लागू झाला.

आता थोडे आमच्या सध्याच्या मुलखाकडे वळू. लखनौत राहणाऱ्या मराठी माणसाला हिंदीची तीच यादी सहज पाहावयास मिळते, आणि ती पाहून आम्हांस आश्चर्य वाटले. हिंदीतही २०२४ पर्यंत लेखिका सातच. पहिली यावयास पंचवीस वर्षे लागली. १९८० साली कृष्णा सोबती यांना ‘ज़िंदगीनामा’साठी हा मान मिळाला. म्हणजे स्त्रियांची दखल घेण्यात हिंदी आपल्या मागेच होती. परंतु त्या सातांपैकी अनामिका आणि गगन गिल या दोन कवयित्री सोडल्या तर उरलेल्या पाचही कादंबरीकार आहेत : सोबती, अलका सरावगी, मृदुला गर्ग, नासिरा शर्मा आणि चित्रा मुद्गल. चित्राबाईंच्या कादंबरीचे तर नावच ‘पोस्ट बॉक्स नं. २०३ नाला सोपारा’. आमच्या वसईशेजारचे नालासोपारे हिंदी कादंबरीत जाऊन पारितोषिक घेऊन आले! शिवानींसारखी लखनौची आणि अफाट वाचकवर्ग लाभलेली लेखिका हिंदीच्या यादीत नाही, हे खरे. तरीही हिंदीने स्त्रीला मान दिला तेव्हा बहुतेक वेळा तिच्या निर्मितीला दिला. एकाच संस्थेच्या दोन भाषांतील याद्यांत एवढा फरक पडावा, याचा अर्थ दोष संस्थेच्या नियमांत नसून आपल्या अभिरुचीत आहे.

याच संदर्भात आम्हांस एक पुस्तक आठवते. निशातगंजातून फैजाबाद रस्त्याने विद्यापीठाकडे निघाले की आय. टी. चौराहा लागतो. तेथील इझाबेला थोबर्न कॉलेज हे मुलींच्या उच्च शिक्षणाचे देशातील फार जुने ठिकाण. रशीद जहाँ येथे शिकल्या, कुर्रतुलऐन हैदर येथे शिकल्या, आणि इस्मत चुगताईही येथेच बी. ए. झाल्या. निशातगंजातच १९१२ साली स्थापन झालेली करामत हुसैन यांच्या नावाची मुस्लिम मुलींची शिक्षणसंस्था आहे. म्हणजे उर्दू कथेला ज्या स्त्रियांनी विसाव्या शतकात नवे वळण दिले त्यांच्या पाऊलवाटा आपल्या रोजच्या बाजारहाटाच्या रस्त्यावरूनच गेलेल्या आहेत. मजाज यांची कबर निशातगंजच्या कब्रस्तानात आहे, हे येथील कोणीही सांगतो; या लेखिकांविषयी सांगणारा भेटावयास जरा वेळ लागतो.

इस्मतआपांची ‘लिहाफ’ ही कथा १९४२ साली ‘अदब-ए-लतीफ’मध्ये आली. अश्लीलतेच्या आरोपावरून लाहोरच्या न्यायालयात खटला झाला आणि त्या सुटल्या. ही हकीकत इतक्यांदा सांगितली गेली आहे की कथा मागे पडून खटलाच पुढे आला आहे. वस्तुतः ‘लिहाफ’चे सामर्थ्य विषयात जेवढे आहे त्याहून अधिक निवेदनाच्या कोनात आहे. बेगमजानच्या खोलीत झोपलेल्या एका लहान मुलीच्या डोळ्यांनी आपण भिंतीवरची सावली पाहतो. रजईची ती सावली तिला हत्तीसारखी वाटते. ती भिते, आणि तिला न कळलेले आपल्याला कळते. मोठी झालेली निवेदिका ते सांगत असूनही त्या मुलीच्या अज्ञानाला कोठे धक्का लावीत नाही. अश्लील शब्द शोधणाऱ्यांच्या हाती काही लागू नये, अशीच ही रचना आहे. ही किमया साक्षीदाराला साधत नाही. साक्षीदाराने पाहिले ते सगळे सांगावयाचे असते. काय सांगावयाचे नाही, हे ठरविणे हे कथाकाराचे काम.

या कथांचा मराठी अनुवाद कविता महाजन यांनी ‘रजई’ या नावाने केला. शीर्षकाचीच निवड पाहावी. लखनौच्या थंडीत ‘लिहाफ’ आणि ‘रजाई’ हे दोन्ही शब्द घरोघर ऐकू येतात. मराठीत गोधडी, वाकळ, दुलई असे सोयीचे शब्द हाताशी होते. पण गोधडी म्हटली की जुन्या लुगड्यांचे तुकडे, आजीचे टाके आणि गरिबीची ऊब, हे सगळे त्या बेगमेच्या पलंगावर येऊन पडले असते. ‘रजई’ या शब्दात कापसाची जाडी आहे, ऐश्वर्य आहे आणि भिंतीवर हत्ती उमटविण्याइतका आकारही आहे. असा शब्द ज्यास सापडतो त्यास स्वतः गोष्ट कशी रचावी हे ठाऊक असते. या अनुवादाबद्दल कविताबाईंना अकादमीचे २०११ सालचे अनुवादाचे पारितोषिक मिळाले.

आम्हांस त्याचा आनंदच आहे. तरी दोन गोष्टी मनात सलतात. ज्यांच्या कथांच्या अनुवादाला अकादमीने गौरविले, त्या इस्मत चुगताईंना उर्दूसाठी अकादमीचे पारितोषिक कधीच मिळाले नाही. आणि ज्यांनी अनुवाद केला त्या कविता महाजन २००५ साली ‘ब्र’ आणि त्यानंतर ‘भिन्न’ लिहून मराठी कादंबरीत आपले स्थान सिद्ध केलेल्या लेखिका होत्या. त्या कादंबऱ्यांसाठी अकादमीने त्यांना बोलाविले नाही. २०१८ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. दोन लेखिका, दोन भाषा. आणि पारितोषिक दोघींच्या मधल्या पुलाला.

‘ब्र’विषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण कल्पिताला साक्ष समजण्याची चूक या कादंबरीच्या वाट्याला पुरेपूर आली आहे. आदिवासी स्त्री-सरपंचांच्या कामाचा मागोवा घेत हिंडणारी प्रफुल्ला ही तिची नायिका. यातला तपशील इतका भरघोस आहे की अनेकांनी ती कादंबरी स्वयंसेवी संस्थांवरील अहवाल म्हणून वाचली, आणि अहवाल म्हणून तिची वाखाणणीही केली. परंतु बोलण्याची मुभा नसलेल्या एका बाईने, बोलण्याची मुभा नसलेल्या दुसऱ्या बायांचे शब्द गोळा करीत जावे आणि त्या गोळा करण्यातून तिचा स्वतःचा ‘ब्र’ उमटावा, ही रचना आहे. हे अहवालात बसत नाही. कादंबरी काही ठिकाणी माहितीच्या ओझ्याने वाकली आहे, हा दोष आम्ही मान्य करतो. पण तो कादंबरीचा दोष म्हणून मोजावा. अहवालाचा गुण म्हणून त्याची वाहवा करणे हा लेखिकेवर अन्यायच आहे.

लेखिकांच्या कथाकादंबऱ्यांत सामान्य पुष्कळ आहे, हेही स्पष्ट म्हणावे. सोशिक सून, समंजस नवरा आणि शेवटच्या पानावर डोळ्यांत उभे राहणारे पाणी, या सामग्रीवर कितीतरी पाने भरली आहेत. परंतु पुरुषांच्या सामान्य कादंबऱ्यांमुळे ‘रथचक्र’चे मोल कमी झाले नाही, मग कमल देसाईंच्या ‘काळा सूर्य’चे का व्हावे? तर्काच्या कडेवरून चालणारी, वास्तवाला वाकवून त्यातून भयाण प्रतिमा उभी करणारी ही लेखणी मराठीत दुसरी नाही. गौरी देशपांडे यांच्या ‘एकेक पान गळावया’मधील दीर्घकथांनी १९८० साली मराठी नायिकेला जे स्वातंत्र्य आणि जो विनोद दिला, तो त्यापूर्वी कोणी दिला होता? गौरीबाई इरावतीबाईंच्या कन्या. आईने द्रौपदीची चिकित्सा केली, तिला मान मिळाला. मुलीने नव्या बायका निर्माण केल्या, तिला तो मिळाला नाही. मेघना पेठे यांची ‘नातिचरामि’ याच रांगेत उभी आहे.

अशा स्थितीत निराळ्या पारितोषिकाचा विचार आम्हांस पटतो. इंग्रजीत हे घडून गेले आहे. १९९१ च्या बुकर पारितोषिकाच्या अंतिम सहा पुस्तकांत एकही स्त्री नव्हती. त्या असंतोषातून पुढे स्त्रियांच्या कादंबऱ्यांसाठी पारितोषिक निघाले आणि १९९६ साली ते प्रथम हेलन डनमोर यांना मिळाले. ए. एस. बायट यांच्यासारख्या थोर लेखिकेने त्याला कडवा विरोध केला आणि आपली पुस्तके त्यासाठी पाठवू दिली नाहीत. बायटबाईंच्या स्वाभिमानाविषयी आम्हांस आदर आहे. परंतु त्यांना स्वतःला १९९० सालीच बुकर मिळालेले होते, हेही विसरता येत नाही.

या योजनेवरचा खरा आक्षेप बायकांच्या डब्याचा नव्हे. तो असा की, निराळी श्रेणी निर्माण झाली की मूळ श्रेणीची दारे आपोआप बंद होतात. “त्यांचे आहे ना निराळे” असे म्हणून परीक्षक मोकळे होतात. आपल्यापैकी अनेकांनी हे आपल्या खात्यात पाहिले असेल. म्हणून आम्ही बुकरची पुढची यादी पाहिली. १९९६ नंतर तेथे अरुंधती रॉय आल्या, किरण देसाई आल्या, हिलरी मँटेल तर दोनदा आल्या, आणि २०१९ साली पारितोषिक विभागून मिळाले ते दोन्ही स्त्रियांना. दार बंद झाले नाही. आणि २०२२ साली आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले ते याच उत्तर प्रदेशातल्या मैनपुरीत जन्मलेल्या गीतांजलि श्री यांच्या ‘रेत समाधि’च्या इंग्रजी अनुवादाला. पाठ फिरवून निजलेली ऐंशी वर्षांची म्हातारी उठते आणि सीमा ओलांडते, असे जिचे कथानक, ती कादंबरी कोणाची साक्ष म्हणून वाचता येईल?

तथापि मराठीत असे पारितोषिक कोणी काढलेच तर आमच्या काही अपेक्षा आहेत. निवडपत्रात ‘धाडसी’, ‘संवेदनशील’ आणि ‘स्त्रीमनाचा हुंकार’ हे शब्द येऊ नयेत. निवेदन, रचना, भाषा यांविषयी चार तरी वाक्ये असावीत. कथासंग्रहास कादंबरीइतकाच मान असावा, कारण मराठी स्त्रीचे उत्तम काम कथेत झाले आहे. परीक्षकांत एकजण तरी महाराष्ट्राबाहेरचा असावा. ही शेवटची अपेक्षा प्रादेशिक अभिमानातून आलेली नाही. अखिल भारतीय साहित्य संमेलनाच्या आजवरच्या सहा स्त्री अध्यक्षांपैकी तिघींची संमेलने महाराष्ट्राबाहेर भरली : कुसुमावती देशपांडे यांचे १९६१ साली ग्वाल्हेरीस, विजया राजाध्यक्षांचे २००१ साली इंदुरास, तारा भवाळकर यांचे २०२५ साली दिल्लीस. यजमान गावाचा अध्यक्षाच्या निवडीत फारसा हात नसतो, तेव्हा याचे श्रेय आपण घेऊ नये. पण दोन भाषांच्या याद्या शेजारी ठेवून वाचण्याची सवय बाहेर राहणाऱ्यासच लागते, आणि आपल्या याद्यांस त्या सवयीची गरज आहे.

राहिला नावाचा प्रश्न. विभावरी शिरूरकरांचे नाव प्रथम सुचेल, आणि ते योग्यच होईल. आम्ही मात्र आणखी मागे जाऊ. साळूबाई तांबवेकर यांची ‘चंद्रप्रभाविरहवर्णन’ ही कादंबरी १८७३ साली प्रसिद्ध झाली. मराठी स्त्रीने लिहिलेली ती पहिली कादंबरी मानली जाते. ती अद्भुतरम्य आहे, जुन्या वळणाची आहे, आणि कलाकृती म्हणून तिची बाजू कोणी हिरिरीने मांडील असे नाही. पण राजेरजवाडे आणि विरहिणी अशा सर्वस्वी कल्पित सृष्टीत शिरताना त्या बाईने कोणाचीही परवानगी मागितली नाही. पारितोषिक साळूबाईंच्या नावाने ठेवावे. आणि ठेवणाऱ्यांनी पहिल्या वर्षीची रक्कम कोणास न देता त्या पुस्तकाची एक स्वच्छ, टिपांसह आवृत्ती छापण्यात खर्च करावी.